पाणथळीकडे तोंड करून

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बॅगा अजून उघडलेल्या नाहीत, पण खिडकी आधी उघडली, आणि समोर गाईच गाई. तीन वर्षं शहरातल्या दवाखान्यात लाडावलेल्या कुत्र्यांची नखं कापली, मांजरांच्या आयांचे रुसवे काढले. शेवटी शेवटी तर, पोपट बोलत नाही म्हणून रडणाऱ्या एका गृहस्थांना मीच पाणी पाजलं. गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणून शिकले आणि गुराला हात लावायची वेळच आली नाही. आता येईल. कोपरापर्यंत येईल.

डेअरी मोठी आहे. पत्र्याच्या दोन लांबलचक शेड, फरशीला चर पाडलेले, म्हणजे खूर घसरत नाहीत. टोकाला दूध काढायची खोली, तिथे यंत्राचा ठेका सकाळ-संध्याकाळ चालतो. शेजारी दूध थंड करायची स्टीलची टाकी, इतकी लख्ख की तिच्यात बघून मी केस नीट केले. माझी खोली पेंडीच्या गोदामावर आहे. वासानेच भूक लागते. एका खिडकीतून अंगण, फाटक आणि रस्ता दिसतो. दुसरीतून कुरण, आणि ते उतरत उतरत जिथे संपतं तिथे पाणथळ, हिरवी, सपाट, अजिबात न हलणारी.

मालक स्वतः फाटकापर्यंत घ्यायला आले. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, डॉक्टरीणबाई, आमच्या गाई आजारीच पडत नाहीत, तुम्ही कंटाळाल. मी म्हटलं, असा कंटाळा मला चालेल. हसले. हसताना हनुवटीखाली हात धरला होता, दाढ दुखत असल्यासारखा.

७ ऑक्टोबर

घरात सत्ता मालकांच्या थोरल्या बहिणीची. सगळे त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणतात, मालकसुद्धा. उंच, सडपातळ, आवाज कधीच न चढवणाऱ्या. दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र असतं: दोघं भावंडं, दहा-बारा कामगार आणि मी. जेवताना कोणी बोलत नाही. मी पहिल्या दिवशी विनोद करून बघितला, तो ताटातच पडून राहिला.

प्रत्येकाच्या ताटात कच्च्या हिरव्या पानांचा ढीग असतो. पाणथळीच्या काठची पानं, जराशी तिखट, कुरकुरीत. बाई स्वतः वाढतात आणि शेवटचं पान संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. मला आवडली. फोनवर धाकटीला सांगितलं तर म्हणाली, ताई, तू आणि पालेभाजी? माझी ही धाकटी बहीण अजून वकील व्हायची आहे, पण उलटतपासणी आत्तापासूनच घेते.

कामगारांत एक जण आहे, शेण ओढणारा. त्याला ‘गप्प्या’ म्हणतात, कारण त्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. गळ्याभोवती कायम फडकं गुंडाळलेलं. तो कोणाकडे बघत नाही. गाई मात्र त्याच्याकडे बघतात.

११ ऑक्टोबर

आज गाई एकेक करून तपासायला घेतल्या. दुरून सुंदर दिसतात, पण जवळ गेलं की बरगड्या मोजता येतात. निम्म्याहून जास्त गाईंच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबतेय. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. पापणी उलटून बघितली, आतून गुलाबी हवी ती कागदासारखी पांढरी. रक्तच नाही अंगात. पोटात जंत झाल्याची ही सरळसरळ लक्षणं, पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतील.

कळत नाही ते एवढंच, की अशी गाय आटायला हवी. ह्या मात्र कासा फुटेपर्यंत दूध देतात.

कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक आहे, मी तिला ‘टिकली’ म्हणते. तेवढी एकच माझा हात चाटते.

१३ ऑक्टोबर

शेणाचे नमुने घेतले. पाण्यात कालवून गाळले, तळाशी बसू दिले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. लंबगोल, सोनेरी, एका टोकाला झाकण असलेली अंडी. यकृतातल्या चपट्या जंतांची. त्यांची पिल्लं पाणथळीतल्या गोगलगायींच्या अंगात वाढतात, मग काठच्या गवताला चिकटून बसतात, गवतातून गाईच्या पोटात जातात. एका नमुन्यात दोन-चार अंडी दिसली तरी आम्ही कपाळाला हात लावतो. इथे काचेवर अंड्यांशिवाय काही दिसेना.

मालकांना बोलावून दाखवलं. नळीला डोळा लावून ते बराच वेळ बघत राहिले, बारशाला आलेल्या माणसासारखे. छान आहेत, म्हणाले.

मी म्हटलं, अहो छान काय, सगळ्या कळपाला जंताचं औषध द्यावं लागेल आणि कुरणाची ती बाजू बंद करावी लागेल. त्यांचा चेहरा मिटला. दूध कमी झालंय का, विचारलं. नाही. गाय मेली का कुठली? नाही. मग तुम्ही लसी टोचा, गाभण गाई तपासा आणि बाकीच्यात नाक खुपसू नका. आवाज गोडच होता.

१८ ऑक्टोबर

तेव्हापासून वाळीत टाकल्यासारखं आहे. मी शेडमध्ये शिरले की यंत्राजवळचे कामगार पाठ फिरवतात. माझ्या नळाचं पाणी बंद झालं. विचारलं तर म्हणे पाइप फुटलाय, पण फुटलेला पाइप कोणी दाखवेना. जेवणाच्या टेबलाजवळची माझी खुर्ची गायब. मी उभ्यानेच जेवले, आणि मोठ्या बाई माझं पान संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला कोणीतरी शेण फासलंय. पुसलेल्या बोटांचे ठसे टेबलावर तसेच ठेवलेत, मुद्दाम दिसावेत म्हणून.

धाकटी म्हणते, सोड आणि ये निघून. अशी शेपूट घालून नाही येणार, म्हटलं. माझ्याकडे शहरातून आणलेल्या जंताच्या औषधाच्या काही बाटल्या आहेत. बघू.

२० ऑक्टोबर

दुपारी जेवणानंतर कुरणाच्या खिडकीत उभी होते. सगळ्या गाई खालच्या कुंपणाशी एका ओळीत उभ्या, पाणथळीकडे तोंड करून. शेपटी हलत नव्हती, रवंथ नव्हता. माशा डोळ्यांवर बसलेल्या, तरी पापणी लवत नव्हती.

आणि त्यांच्यामध्ये, गाई-गाईंच्या फटीत, माणसं. कामगार, मालक, मोठ्या बाई. तीच ओळ, तिकडेच तोंड. बाईंनी पदर डोक्यावरून काढला होता. त्यांच्या जबड्याखाली —

उन्हामुळे तसं वाटलं असेल. फार लांब आहे इथून.

२३ ऑक्टोबर

आज टिकलीला औषध दिलं. दूध काढणं संपलं होतं आणि सगळे जेवायला गेले होते. शेडमध्ये मी आणि ती दोघीच. तोंडाच्या कडेतून हळूहळू पाजलं, गुणी बाळासारखी प्यायली. कोणी बघितलं नाही, शपथेवर सांगते.

दुपारी कळप कुरणात सोडला. टिकली पाच पावलंही गेली नसेल, तोवर बाकीच्या थांबल्या. वळल्या. एकही हंबरली नाही. त्यांनी तिला कुंपणाला दाबलं आणि डोक्यांनी ढुसण्या द्यायला लागल्या, एकापाठोपाठ एक, उखळात कांडावं तशा. मी काठी घेऊन धावले, किंचाळले. कामगार अंगणात उभे होते. एकानेही पाय हलवला नाही. मालक म्हणाले, तुम्हाला सांगितलं होतं.

टिकली मेल्यावर कळप शांतपणे चरायला लागला.

२४ ऑक्टोबर

मी तिला उघडून बघितलं. हे माझं काम आहे आणि ते मी करणारच, असं ओरडून सांगितलं, तर कोणी अडवलं नाही. उलट बघायला आले.

यकृत दगडासारखं. सुरी घातली तर कचकच आवाज आला. पित्ताच्या नळ्या आतून चुन्यासारख्या घट्ट झालेल्या, आणि त्यांत ते. पानाच्या आकाराचे, चपटे, तपकिरी. औषध घेतलेल्या गाईतले मेलेले हवेत. ते जिवंत होते. पांढऱ्या थाळीत कोमट पाणी घेऊन त्यात सोडले. सगळे सरकत सरकत थाळीच्या एका कडेला जमले.

पाणथळीच्या बाजूच्या.

थाळी फिरवली. ते फिरले. पुन्हा फिरवली. पुन्हा तिकडेच. मागे कोणीतरी समाधानाने श्वास सोडला. मोठ्या बाई होत्या.

२७ ऑक्टोबर

तीन दिवस ताप. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, काहीतरी ओढल्यासारखं दुखतं. तहान जात नाही.

दुपारी डोळा उघडला तर गप्प्या माझ्या खाटेशी उभा. औषधाच्या बाटल्या त्याने एकेक करून खिडकीच्या चौकटीवर फोडल्या, घाई न करता. मग वाकला. मला हलता येईना. त्याने अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली आणि आत बघितलं. नुसती ओढली नाही. दोन बोटांनी वरची पापणी दाबत खालची उलटली, आम्हाला शिकवतात तशी. नीट. सरावाने.

बघून मान हलवली आणि गेला.

आरशात बघितलं. पांढरी आहे.

२८ ऑक्टोबर

कॉलेजातल्या सरांना फोन केला. इथे आधी डॉक्टर होते का, विचारलं. होते, म्हणाले, चांगला हुशार मुलगा, दोन वर्षांपूर्वी रुजू झाला. त्याची बायको अजून त्याला शोधतेय. नोकरी सोडून गेला, असं डेअरीवाल्यांनी तिला सांगितलं. हां, डाव्या हाताच्या करंगळीचं पेर नव्हतं त्याला, बैलाने चिरडलं होतं.

गप्प्या खाली शेण ओढत होता. खिडकीतून बघितलं. फावड्यावरची डावी मूठ.

पेर नाही.

ती पानं. रोज मी ती पानं खात होते. काठावरची, कच्ची. मी डॉक्टर आहे, मीच त्या जंतांबद्दल सगळं पाठ केलंय, आणि रोज मिटक्या मारून — पुस्तकाप्रमाणे इतक्या लवकर काही होत नाही. महिने लागतात. पुस्तकाप्रमाणे.

३० ऑक्टोबर

निघाले होते. बॅग नाही, काही नाही, चालत फाटकाबाहेर. कोणी अडवलं नाही. फाटक तर मालकांनीच उघडून धरलं. रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्याचं आठवतं, वळणावर एक मैलाचा दगड आहे, त्यावर बसून बुटाची नाडी बांधली.

नंतरचं आठवतं ते हे, की मी कुंपणाशी उभी आहे, ओळीत. डावीकडे गाय, उजवीकडे मोठ्या बाई. घोटे चिखलात. आणि बरं वाटत होतं. हे लिहायलाच हवं — इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

मोठ्या बाई आल्या होत्या. पहिल्यांदाच खाटेवर बसल्या, माझ्या केसांतून हात फिरवला. गळ्यावरून पदर काढला आणि माझी बोटं घेऊन तिथे दाबली. खळगा पडला, तसाच राहिला.

“घाबरू नकोस, पोरी. पोटात कोणीतरी असलेलं बरं असतं. एकटं वाटत नाही.”

मी म्हटलं, मला शहरात जायचंय, औषध घ्यायचंय.

“घे की,” म्हणाल्या. “टिकलीने घेतलं तसं.”

५ नोव्हेंबर

एक बाटली उरलीय. गमबुटात ठेवली होती, गप्प्याला मिळाली नाही. रोज हातात घेते आणि ठेवते. घेतलं तर ते येतील. त्यांना बघावं लागत नाही. त्यांना कळतं.

जेवायला खाली जाते. माझी खुर्ची परत आलीय.

६ नोव्हेंबर

धाकटीचा फोन. आवाज असा का येतोय, म्हणाली. येऊ नकोस, म्हणायला तोंड उघडलं. “ये ना,” म्हणाले मी. “किती दिवसांत भेटलो नाही.” माझाच आवाज, लाडाचा. मी तोंडावर हात दाबला, तरी बोटांच्या फटीतून — ये. ये. लवकर ये.

जीभ माझी राहिली नाही. हात आहे. म्हणून लिहिते.

तिला हाताने कळवायचं, तर फोन त्यांनी बोलणं संपताच काढून घेतला.

८ नोव्हेंबर

खाली ताटं पुसताहेत. एक जास्तीचं.

९ नोव्हेंबर

आली. तिची ती खटारा गाडी, आत आली आणि फाटक लागलं. दोघं-तिघं गाडीला टेकून उभे राहिले. ती उतरली ती हसत, मिठी मारली, मग मला धरून लांब केलं — ताई, काय हे? गळ्याला काय झालंय तुझ्या? मी म्हणाले, काही नाही गं, जेव आधी.

टेबलावर समोरासमोर. बाईंनी तिला पानं वाढली. भरपूर. समोर उभ्या राहिल्या.

तळहातावर आधीच लिहून ठेवलं होतं. टेबलाखालून तिच्या मांडीवर हात ठेवला, उघडला. पानं खाऊ नको. सगळे उठले की गाडीत बस. माझ्यासाठी थांबू नको.

तिने खाली बघितलं. वकीलच ती. चेहरा हललाही नाही. पान तोंडाशी नेलं आणि हातातच चुरगळलं. मी म्हणाले — जीभ म्हणाली — छान असतं, खा.

वर आले. कडी लावली. खाट दाराशी ओढली. वही अंगणाकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर. लिहीत राहिलं की हात माझाच राहतो.

बाटली उघडली. वास कडू.

प्यायले. सगळी.

खालचे भांड्यांचे आवाज थांबले.

खुर्च्या सरकताहेत. सगळ्या एकदम.

पोटात — देवा — वळताहेत —

जिन्यावर पावलं. बोलत नाहीत. घाई नाही.

अंगण रिकामं. गाडीजवळचेही गेले — इकडेच आले. धाकटी! पळतेय. चपला टाकल्या. गाडी. चालू झाली. फाटक — उतरून स्वतः उघडलं. शाब्बास. शाब्बास माझी सोन्या. गाडी बाहेर. रस्त्यावर. जा. जा.

दार. एकेक करून ढुसण्या. उखळासारख्या.

बिजागरी सुटली वरची —

गाडी थांबली. वळणावर. का थांबली? बंद पडली? नाही — उतरली. हातात काहीतरी, लोखंडी. परत येतेय. पळत. ताई, ताई म्हणून ओरडतेय —

नको. लिहिलं होतं ना. नको गं —

कुरणाचं रस्त्याकडचं कुंपण मोडलंय. गाई रस्त्याकडे चालल्यात. तिच्या मागून. तिला दिसत नाहीत. ती खिडकीकडेच बघतेय, माझ्याकडे —

ओरडते, मागे फिर. तोंडातून येतं, ये. ओरडते, जा. ये, ये, ये —

ऐकतेय ती. जोरात पळतेय.

हात. हात अजून माझा आहे. खिडकीबाहेर काढून तिला खूण — लिहिणं सोड, हात बाहेर का